माझ्या मागून म्हणा

माय फोनवर कधी मुद्द्याचं बोलत नाही. आधी शेळी, मग गुडघा, मग शेजारणीच्या सुनेचं भांडण, आणि फोन ठेवता ठेवता खरी गोष्ट. त्या दिवशी मात्र फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "माझी पांढरी साडी तुझ्याकडं राहिलीय. इस्त्री करून आण. परवा सभा हाय."

"कशाची सभा?"

"इलेक्शनची. स्टेजवर बुद्धवंदना मला घ्यायची हाय."

मी पूर्णेत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणुकीच्या दिवसांत आम्ही मास्तर लोकांनी उमेदवाराच्या सावलीलाही उभं राहायचं नसतं. आणि माझी माय, जिला दोन पायऱ्या चढायच्या तर माझा खांदा लागतो, ती स्टेजवर चढणार! मी म्हणाले, "माय, तुला काय नडलंय?" तर फोन कट. तिला वाद घालायचा नसला की बरोबर रेंज जाते.

आमचं गाव चुडाव्याच्या पुढं, रेल्वे लाइनीला लागून. वस्ती सगळी बौद्धांची. वस्ती आणि मसनवाटा यांच्या मधे एकच शेत. माझ्या लहानपणी त्या शेताच्या बांधावरून वाट होती, गाडीबैल जाईल एवढी. मग एका वर्षी मिरवणुकीवरून गावात बाचाबाची झाली आणि त्या रागात शेतमालकानं वाटेवर बाभळीच्या काट्या ओढल्या. राग दोन दिवसांत गेला असेल, काट्या गेल्या नाहीत. आमच्या लोकांनी अर्ज केले. साहेब लोक आले, बघून गेले, चहा पिऊन गेले. दर पावसाळ्यात काट्या कुजायच्या आणि दिवाळीला नव्या यायच्या.

तेव्हापासून आमची मयत रेल्वेच्या रुळावरून जाते. रुळाच्या कडेनं चालायचं, ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडायचा, मग खाली उतरायचं. पुलावर बाजूला सरकायला जागा नाही. म्हणून पुलाच्या अलीकडं सगळे थांबतात, तिरडी खडीवर ठेवतात, आणि एक जण रुळावर वाकून दोन्हीकडं बघतो. गाडी येत असली तर जाऊ द्यायची. मग खांदा द्यायचा आणि पळत पूल ओलांडायचा. हो, तिरडी घेऊन पळत.

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. जन्मभर त्यानं त्याच लाइनीवर हातोडा चालवला, गाडी आली की बाजूला होऊन झेंडी दाखवली. तो गेला तेव्हा त्यालाही आम्ही खडीवर ठेवलं आणि गाडी जाऊ दिली. डब्यांच्या खिडक्यांतली माणसं आमच्याकडं बघत होती. मायनं पदर त्याच्या तोंडावर धरला होता, धुरळा बसू नये म्हणून. त्या दिवसाबद्दल ती पुढं एक अक्षर बोलली नाही. फक्त अधूनमधून म्हणायची, "मला तिकडून न्हेऊ नगा. मेलेल्याला काय होतंय बाई, खांदेकऱ्यायच्या जिवाला घोर." एवढं एकच मागणं होतं तिचं. बाकी सोनं नको, नाणं नको, सुनेच्या हातची भाकर मऊ असली की झालं.

तर ती सभा. उमेदवारसाहेबांना वस्तीची मतं हवी होती, म्हणून गावातल्या त्यांच्या कार्यकर्त्यानं डोकं चालवलं: सभेची सुरुवात बुद्धवंदनेनं करायची, पांढऱ्या साड्यांतल्या बाया स्टेजवर, फोटो चांगला येतो. आमच्याकडं वंदना नेहमी मायच घेते. बारसं असो, लग्न असो, मयत असो. ती एक ओळ म्हणणार, बाकीच्यांनी हात जोडून, उभं राहून, मागून म्हणायची.

मी साडी घेऊन घरी पोचले तर माझी भाची, भावाची लेक, ओसरीवर काळं कापड फाडत बसलेली. ती परभणीला वकिली शिकते, आणि चळवळीत आहे. तिच्यासोबत वस्तीतली आठ-दहा पोरंपोरी. साहेब बोलायला उभे राहिले की काळे झेंडे दाखवायचे, "आधी रस्ता, मग मत" म्हणून घोषणा द्यायच्या, असा बेत.

मी म्हणाले, "अगं, केस लागली तर सनद कशी मिळंल तुला?"

"आत्या, मढ्याला वाट न्हाई आन् तू सनद घेऊन बसलीस!"

मी मायकडं बघितलं. म्हटलं, आता ही तरी नातीला आवरेल. माय साडीची इस्त्री तपासत होती. म्हणाली, "इथं चुणी राहिली बघ."

सभा बाजारतळावर होती, सकाळची. पोलीस पोरांपेक्षा हुशार निघाले. बाजारतळाच्या तोंडाशीच झडती. काळा रुमाल दिसला काढ, काळी ओढणी दिसली ठेव. माझी काळी छत्रीसुद्धा घेतली, बोला! भाचीच्या पिशवीत कापड सापडलं आणि सगळ्या पोरांना नेऊन कडेच्या जीपगाडीपाशी बसवलं. भाची ओरडत होती, "आमी काय चोर हाव काय?" मला रडू यायला लागलं. माय तिच्याजवळून जाताना क्षणभर थांबली, तिच्या तोंडावरचे केस मागे सारले आणि माझा खांदा धरून पुढं निघाली. पांढऱ्या साडीतल्या म्हातारीला कोण अडवणार! ती तर पाहुणी.

मी स्टेजच्या पायरीपर्यंतच जाणार होते. पण मायनं खांदा सोडलाच नाही. तशी मीही वर, नोकरी गेली खड्ड्यात.

वंदना सुरू झाली. सगळी सभा उभी राहिली, चपला काढल्या, हात जोडले. आमची वस्ती तर होतीच, पण गावातलेही झाडून सगळे होते, शेतकरी, त्यांच्या बायका, पाटलांच्या वाड्यातले. उमेदवारसाहेबांनी दुसरा माईक हातात घेऊन, डोळे मिटून, सगळ्यांहून मोठ्यानं म्हणायला घेतलं. पाठ नव्हतं, पण मायच्या मागोमाग नेटानं म्हणत होते. त्रिसरण झालं, पंचशील झालं. आता शेवटी तीनदा 'साधू' म्हटलं की वंदना संपते आणि हात खाली येतात. तोवर कोणी मधे बोलत नाही, हलत नाही. ही आमची रीत.

माय 'साधू' म्हणालीच नाही. म्हणाली, "आता मराठीत. माझ्या मागून म्हणा."

आमच्यात पाली झाल्यावर मराठीत प्रतिज्ञा घेतात, त्यामुळं कोणाला काही वाटलं नाही.

"आमच्या वस्तीला मसनवाटा हाय."

सभा म्हणाली. साहेबही म्हणाले, माईकवर.

"पण तिथं जायला वाट न्हाई."

साहेब म्हणाले, अगदी 'न्हाई' सकट. मग त्यांचे डोळे उघडले. तो कार्यकर्ता मायच्या माईककडं सरकला, आणि तिथंच थबकला, कारण त्याचेही हात जोडलेले होते आणि समोर शंभर मोबाइल वर झाले होते. वंदनेत म्हातारीच्या तोंडापुढून माईक ओढणार कसा? मायचे डोळे मिटलेलेच.

"वाटंवर काट्या हायेत."

आता साहेब गप्प. पण सभेला लय लागली होती. वस्ती म्हणाली, गावही म्हणालं. आणि कडेला, जीपगाडीपाशी, आमची पोरं बसल्या जागेवरून उठली आणि म्हणायला लागली. भाचीचा आवाज मी हजारांत ओळखेन.

"आमी आमची माणसं रुळावरून न्हेतो."

मागून सभा.

"माझ्या मालकाला मी खडीवर ठिवलं."

बापे माणसंसुद्धा म्हणाली, "माझ्या मालकाला मी खडीवर ठिवलं." कोणी हसलं नाही. मला ती ओळ म्हणता आली नाही. इतक्या वर्षांत न काढलेली गोष्ट तिनं काढली होती आणि अख्खा बाजारतळ माझ्या बापासाठी बोलत होता. मायचे हात जोडलेलेच, आवाज ठणठणीत.

"गाडी जाईस्तोवर ठिवलं."

"मी मेल्यावर मला तिकडून न्हेऊ नगा."

सभेनं तेही म्हटलं. तुकड्या-तुकड्यांनी, कोणी आधी, कोणी मागून. मग मायनं तीनदा 'साधू' म्हटलं, हात खाली घेतले आणि मला म्हणाली, "चल, गुडघा दुखायलाय."

साहेबांनी भाषण उरकलं. निवडून आलो की पहिलं काम रस्त्याचं, म्हणाले. पुढं ते आले की पडले, ते सांगण्यात काही अर्थ नाही. रस्त्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. पोरांना दुपारी समज देऊन सोडलं. माझी छत्री मात्र कुणी परत दिली नाही मेल्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात शेतमालकाची बायको. त्या काट्यांच्या मालकाची. आमच्या वस्तीत ती आयुष्यात कधी आली नव्हती. दारातच उभी. मायनं "या बाई, बसा" म्हटलं, तर बसली नाही.

"मावशी, काल मीबी म्हटलं तुमच्या मागून," ती म्हणाली. "हात जोडून म्हटलं. 'माझ्या मालकाला' म्हटलं. रातभर डोळा न्हाई लागला. माझा मालक तर घरी घोरायला होता." मग म्हणाली, "आमच्या घरच्यायला सांगितलं मी. हात जोडून बोललेलं आता मागं घ्यायला याचं न्हाई. गडी लावून काट्या काढायलेत तिकडं."

मायनं आत जाऊन चहा टाकला. बाईनं तो उभ्यानंच प्यायला, पण प्यायला.

भाची मात्र भडकली. "ही मेहरबानी झाली, आजी. उद्या मन फिरलं तर परत काट्या. वाट कागदावर पायजे. आपला हक्क हाय तो."

"बरोबर हाय तुझं," माय म्हणाली. "तू कागद आण. तवर मी चालून बघते."

आणि खरंच संध्याकाळी निघाली. मी पाठीमागं. बांधावर काट्या ओढून नेल्याचे ओरखडे होते, मधेमधे बाभळीची टोकं राहिलेली. माय वाकून एकेक उचलून बाजूला टाकत होती. मी म्हणाले, "माय, राहू दे, मी काढते." तर म्हणे, "खांदेकरी अनवाणी असतात." ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. स्वतःच्या मयतीची वाट कोणी असं घर झाडल्यासारखं झाडतं का? मी म्हटलं, "आता गप बैस, नसतं बोलू नकोस." ती हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत, तरी तिच्याइतकं चांगलं कोणी हसत नाही.

मसनवाट्यात बापाला जिथं अग्नी दिला तिथं ती जरा वेळ बसली. मातीवर हात फिरवला. मला वाटलं रडेल. ती बापाला म्हणाली, "आले बघ, सरळ वाटंनं."

परतताना अंधारून आलं. लांबून नांदेडकडच्या गाडीचा भोंगा ऐकू आला आणि मी आपोआप थांबले. मायचा दंड धरून तिलाही थांबवलं. त्या लाइनीवर वाढलेल्या माणसाचे पाय भोंगा ऐकला की थांबतातच, आणि मयतीला तर हटकून. गाडी पलीकडं, ओढ्याच्या पुलावरून गेली. खिडक्यांचे दिवे एकामागून एक गेले.

मायनं माझ्या हातातून दंड सोडवला.

"चल बाई," म्हणाली, "हितं थांबायचं काम न्हाई आता."