सात नंबरचा ऊस

पणदऱ्याचे तात्या नसते तर मी आज या कामावर नसते, हे आधी सांगते. माझी चूक त्यानंतर.

मी बुलढाण्याकडची. सातवीतच शाळा सुटली. इंदापूर रस्त्याला उसाच्या संशोधनाचं शेत आहे, तिथं मला मापं घ्यायचं काम मिळालं. दोन खतांपैकी कोणतं चांगलं, ते तिथल्या संशोधक मॅडमना तपासायचं होतं. शेताच्या प्रत्येक तुकड्यात लाल रिबीन बांधलेले दहा ऊस. दर आठवड्याला पट्टी लावायची, उंची तक्त्यात लिहायची. खाली माझी सही, शेजारी तपासणारे म्हणून तात्यांची. खुरपणाऱ्या बायका चिडवायच्या, "आल्या बघा पेनवाल्या बाई!" आईला फोनवर मी तेच कौतुकानं सांगायची. ते पेन हातातून जाईल, ही धास्ती मात्र रोजची.

त्या आठवड्यात पाटाचं पाणी आलेलं. शेवटच्या दोन तुकड्यांत गुडघाभर चिखल. अंगात कणकण, पात्यांनी हात कापलेले. या दिवसांत ऊस आठवड्याला वीतभर वाढतो, हे ठाऊकच होतं. मागच्या आकड्यांत वीत-वीत मिळवली आणि बांधावर बसूनच तक्ता भरला. तात्यांनी विश्वासानं सही केली.

दोन दिवसांनी ते त्या तुकड्यातून निघाले ते थेट माझ्याकडं.

"बाई, शेवटच्या तुकड्यातला सात नंबरचा ऊस केवढा हाय?"

मी तक्ता बघून सांगितलं.

"डुकरानं मोडलाय त्यो कवाच. वाळून गेलाय. मेल्यावर वाढला व्हय?"

मी पेन उघडलं. "तात्या, खोडून टाकते. मॅडमना सांगू नका."

"आन मॅडम ह्या आकड्यावरनं खत सांगणार. वडगावचा शेतकरी त्येच टाकणार. त्येच्या उसाला वीत लावायला तू जाणार हाईस का?"

"मग मापच घेता आलं नाही तर लिहू काय?"

"रकाना मोकळा सोड. शेजारी लिव्ह, चिखल हुता, जाता आलं न्हाय. मोकळ्या रकान्यापायी कुणी फाशी देत न्हाय."

मॅडमपुढं मी सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुढं ओढला. तेवढ्यात तात्या म्हणाले, "सही माजीबी हाय. न बघता केली. घालवायचं तर दोघांना घालवा."

मॅडमनी ते वीस आकडे एका रेघेनं खोडले, दिसतील असे ठेवले, शेजारी कारण लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. काम राहिलं. पण नियम झाला: तपासणाऱ्यानं प्रत्येक तुकड्यातले दोन ऊस स्वतः मोजायचे. त्यामुळं माझ्या मागोमाग आता तात्याही सऱ्या तुडवतात, दुखरे गुडघे धरून. मी थकते, पण त्यांच्याकडं बघून बसवत नाही.

तात्या, कधीतरी तपासणाऱ्याच्या जागी माझी सही येईल. त्या दिवसापासून तुमच्या वाटच्या सऱ्या माझ्या. तुम्ही बांधावर बसायचं. एवढं तरी मी फेडणार.