जडावलेला आवाज

गल्लीत तिला सगळे शिवणवाली मावशी म्हणत. शाळेच्या गणवेशापासून खिडक्यांच्या पडद्यांपर्यंत ती काहीही शिवून द्यायची, आणि शिवताना तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. फक्त मुलाचा विषय निघाला की ती दोरा ओवायला सुई शोधायला लागायची. सुईत दोरा असला तरी.

मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला होता. वर्षभरानं त्यानं कुठल्याशा लांबच्या बंदरावरून व्हिडिओ कॅसेट पाठवली. कॅमेरा तिथल्याच एका मित्राचा. घरी कॅसेट लावायचं मशीन नव्हतं, म्हणून शेजारी राहणाऱ्या पोस्टातल्या भाऊजींकडे सगळे जमले. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं तेही आले.

पडद्यावर करडे पट्टे आले. चित्र सारखं वर सरकत होतं, रंगाचा पत्ता नव्हता. आणि त्यातून आवाज आला. जड, घोगरा, शब्द ओढत ओढत बोलणारा. "आ...ई, मी म...जेत आहे..."

मागून कुणीतरी खिदळलं, "जहाजावर भरपूर मिळतेय वाटतं!"

मावशीचा नवरा बसचा ड्रायव्हर. त्याच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं, त्यामुळे त्यानं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. तो उठला, चपला न घालता घरी गेला.

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. नवऱ्यानंच उचलला.

"आईशी बोलायचं तर शुद्धीत बोलायचंस."

पलीकडून काय आलं ते मावशीला नीट ऐकू आलं नाही. 'शपथ' एवढं मात्र कानावर पडलं.

"शपथा नकोत. सगळ्या गल्लीनं ऐकलंय," असं म्हणून नवऱ्यानं फोन ठेवला. मावशी शेजारीच हात पुढे करून उभी होती. तो हात तसाच राहिला.

मुलाचा पुन्हा फोन आला नाही. आली ती कंपनीची माणसं. माल चढवताना दोर तुटला होता, मुलगा खाली उभा होता. गल्लीनं हळहळ केली आणि पाठ वळताच म्हणाली, पिऊन उभा असेल. मावशी तोंडानं "नाही हो, माझा मुलगा तसला नव्हता" म्हणायची, पण मनात तिनंही ते धरूनच ठेवलं होतं. तो आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता ना.

वर्षं सरली, नवराही गेला. शिवणाचं मशीन चालवताना मावशीचे पाय दुखायला लागले. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओबाहेर पाटी दिसली, जुन्या कॅसेट मोबाइलवर घेऊन मिळतील. ती पाटीसमोरून कितीतरी वेळा गेली. शेवटी कॅसेट पिशवीत घालून आत शिरलीच. मुलगा कसा दिसत होता हे हल्ली तिला नीट आठवेनासं झालं होतं. धूसर का होईना, चेहरा मिळाला तर हवा होता.

स्टुडिओवालीनं कॅसेट लावली. तेच पट्टे, तोच आवाज. मावशीनं पिशवी उचलली.

"राहू दे गं. तो प्यायलेला होता तेव्हा."

"तो नाही हो मावशी, माझं मशीनच झिंगलंय," स्टुडिओवाली हसून म्हणाली. मावशीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "ही टेप परदेशातल्या कॅमेऱ्याची आहे. तिकडची पद्धत वेगळी. टेप पळायला हवी जोरात, आपलं मशीन तिला हळू ओढतं. म्हणून आवाज असा जड येतो."

तिनं फळीवरून दुसरं मशीन काढलं, दोन्ही पद्धतींच्या टेपा चालवणारं. आवाज मोकळा झाला, पण कॉम्प्युटरवर चित्र अजून सरकतच होतं. तिनं वायर बदलून पाहिली, मशीन उघडून पुसलं. काही फरक नाही. मग तिच्या लक्षात आलं, कॉम्प्युटर ते चित्र अजून इकडच्याच पद्धतीचं समजून घेत होता. ती सेटिंग बदलली तसं चित्र थांबलं, तरी रंग येईनात. मशीनच्या मागचं बटणही तिकडच्या पद्धतीवर केलं, तेव्हा कुठे निळा शर्ट निळा झाला.

अरुंद बिछान्यावर मुलगा बसला होता. दाढीचे नुकतेच फुटलेले केस, डोळ्यांत हसू. नेहमीसारखा भरभर, एका शब्दावर दुसरा चढवत बोलत होता. "आई, मी मजेत आहे. आणि बाबा, तुम्ही म्हणाला होतात महिन्याभरात पळून येशील, बघा, आलो का?"

मावशीनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"तेव्हाही हा असाच बोलला होता?"

"हो. टेपमध्ये पहिल्यापासून हेच आहे."

"मग आम्ही काय ऐकलं गं?"

स्टुडिओवालीनं पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. तास दोन तास तिनं कुणाला आत घेतलं नाही.

मोबाइल घेऊन मावशी घरी गेली नाही. त्या दिवशी त्या खोलीत असलेल्यांपैकी तिच्याखेरीज आता एकटे पोस्टातले भाऊजी उरले होते. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. तिनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"बघा भाऊजी, ऐका. प्यायलेला नव्हता तो. ऐका ना."

भाऊजींनी मन लावून शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा उजळला त्यांचा.

"किती छान बोलतो हो," ते म्हणाले. "कुणाचा मुलगा?"

"माझा," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवरून घसरलेली शाल सारखी करत बसली.