हिंचक्याखालचे तपस्वी

हेरंबराव दिघ्यांनी काही सोसलं नाही असं एकही वर्ष गेलं नसेल, आणि जे सोसलं ते कोणाला सांगितलं नाही असा एकही दिवस.

फतेगंजातल्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढून एकोणऐंशी साली ते निवृत्त झाले आणि घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत सहनशीलतेचा अभ्यास करू लागले. आजोबा गायकवाड सरकारच्या खाजगी खात्यात कारकून होते. बाणेदारपणा रक्तात होताच, त्याला आता फुरसत मिळाली. भर मे महिन्यात पंखा बंद. नव्या चपलेने अंगठा सोलला तरी चप्पल बदलायची नाही, नुसतं लंगडायचं. कोणी "काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणायचं, आणि तो पुन्हा विचारीपर्यंत तिथेच उभं राहायचं.

पण ही सगळी चिल्लर तपश्चर्या. खरी थोर तपश्चर्या डोक्यावर होती. वरच्या मजल्यावर कांचनबेन राहत. एकटी विधवा बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्याकडे एक माणूस पाय पसरून निजेल एवढा मोठा लाकडी हिंचका, म्हणजे झोपाळा, होता. दुपारी दोन वाजले की त्याची कडी करकरू लागे ती चार वाजेपर्यंत.

"सात वर्षं!" हेरंबराव आल्यागेल्याला सांगत. "सात वर्षांत वर जाऊन एक अक्षर बोललो नाही. बोललो तर मग सोसलं काय?" मग राग कसा बेंबीपासून उठतो, गळ्याशी कसा येतो आणि तिथून तो कसा गिळायचा, हे ते साभिनय दाखवत. आवाज कचेरीतला होता, व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या शिपायाला हाक मारून मारून तयार झालेला. ऐकायला कधी विम्याचा एजंट असे, कधी भाचा अविनाश. कोणी नसलं तर अहल्याबाई होत्याच.

अहल्याबाई म्हणजे त्यांची पत्नी. पहाटे चारला नळाला पाणी येई, म्हणून त्या चारला उठत. दुपारी घटकाभर डोळा लागावा, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी उरली होती. मध्यंतरी त्या म्हणाल्या होत्या, "अहो, शिलाई मशीनचं तेल आहे घरात. दोन थेंब त्या कडीत घालून येते."

"खबरदार! माझं इतक्या वर्षांचं व्रत दोन थेंबांत बुडवायला निघालीस?"

शहाऐंशीच्या श्रावणात अहल्याबाईंना चक्कर आली आणि त्या ओट्याशी मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि बजावलं, "गोळ्या देतो, पण दुपारी दोन तास झोप हवीच. नाहीतर पुढची चक्कर महागात पडेल." हेरंबराव घाबरले. अगदी खरेखुरे घाबरले. संध्याकाळचा चहा त्यांनी स्वतः केला, आणि तो कसा झाला होता तेही सोसलं. पण तेलाचं नाव काढू देईनात. "तूही सोसायला शीक. शिकवायला मी आहे ना."

बाईंना वाटलं, हाच तर रोग आहे. दुसऱ्या दिवशी कडी करकरू लागताच त्यांनी तेलाची कुपी उचलली आणि सरळ जिना चढल्या. पंधरा मिनिटांनी उतरल्या, तर कुपी जशीच्या तशी भरलेली.

"नाही ना ऐकलं तिने?" हेरंबराव विजयी मुद्रेने म्हणाले. "जग असंच असतं. म्हणून सोसावं."

"तेल त्यांच्याकडेही आहे. पण घालत नाहीत."

"का म्हणून?"

अहल्याबाईंनी कांचनबेनचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. "'अहल्याबेन, तुमचे हेरंबभाई जेवून दोन वाजता भाषण चालू करतात. अमारी फरशी लाकडाची, एक एक शब्द वर येतो. एटले, म्हणून, मी हिंचके बसते. कडी बोलते तेव्हा भाई ऐकू येत नाहीत. ते गप्प, की मी पण सूई जाऊं, झोपून जाऊं.'"

हेरंबराव आ वासून वर पाहत राहिले. कडीचा आवाज ऐन रंगात होता.

"सात वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सात वर्षं. आणि आज मी विचारलं म्हणून सांगितलं. एरवी कोणापाशी बोलल्या नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. मनातून लाजही वाटली. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून दोन ते चार मौन. बायकोसाठी.

आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर गप्प बसले. दोन वाजले, वर सामसूम. अहल्याबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि पाच मिनिटांत घोरू लागल्या. हेरंबराव खुर्चीत ताठ. सव्वादोनला एजंट डोकावला, त्याला हातानेच परत पाठवला. अडीच वाजले. इतकं अवघड त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. ना पंखा, ना चपला, ना कडी; सगळं याच्यापुढे पोरखेळ होता. आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं! पावणेतीनला त्यांना राहवेना. ते आत गेले आणि बायकोचा खांदा हलवला.

"अगं, ऊठ. पाऊण तास झाला. मी चकार शब्द बोललेलो नाही!"

अहल्याबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं. उठल्या, उशी काखेत मारली आणि जिन्याची वाट धरली.

खाली ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा हेरंबराव आपोआपच गप्प राहिले. चार वाजून गेले, चहाची वेळ झाली, तसे ते सात वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढले. दार उघडंच होतं. कांचनबेन खाली चटईवर मेथी निवडत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

हिंचका हलत नव्हता. त्यावर अहल्याबाई गाढ झोपल्या होत्या.