कुठं थांबलं?

मोंढा सर वर्गात आले की आधी खिशातून मूठभर ज्वारी काढून टेबलावर ओतत. आणखी ओतली की ढीग पसरायचा, पण त्याचा उतार तोच राहायचा. "दाणा दाण्याला धरून ठेवतो, तेवढाच ह्याचा दम," ते म्हणत. "त्याच्या वर गेलं की घसरणार." उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांच्या वडिलांची आडत होती, म्हणून ते मोंढा सर. धान्याच्या ढिगांवर खेळून वाढलेला हा माणूस नांदेडला आम्हा एम.टेक.च्या मुलांना संगणकात माती कशी वागवायची ते शिकवायचा.

कधी ते ओल्या काळ्या मातीचा गोळा दाबून बोटांचे ठसे दाखवत. "स्प्रिंग सोडली की परत येते. माती न्हाई येत. तिच्यावर काय काय गुजरलं, ते तिच्यात राहतं. मशीनला एवढंच समजावायचंय."

मी लातूरच्या इंग्रजी शाळेतली. मराठीत अडखळेन म्हणून गप्प बसायचे आणि इंग्रजीत बोलले तर शिष्ट ठरेन म्हणूनही गप्पच. बाकीचे शिक्षक दयेपोटी माझी वाक्यं पूर्ण करत. सरांनी तसं कधीच केलं नाही. प्रश्न विचारून ते चष्मा पुसत बसत. मागून कोणी हसलं तर न बघता म्हणत, "तुला जायचंय का कुठं? जा की."

रेणापूरजवळच्या एका तलावाचा बांध पाण्याने भिजल्यावर टिकेल का, हा माझा प्रकल्प होता. संगणकातल्या तलावात पाणी पुरतं चढायच्या आतच प्रोग्रॅम थांबायचा. "टॉलरन्स वाढव गं, पळतंय मग," शेजारचा राहुल म्हणाला. चुकीला थोडी जास्त मुभा द्यायची, की आकडे निमूट बाहेर येतात. आमच्याकडे सगळे तेच करत.

मी सरांकडे गेले. "सर, थांबतंय."

"कुठं थांबलं?"

प्रोग्रॅम का थांबला, हे ते कधी आधी विचारत नसत. मी बारीक चौकोनांच्या जाळीत मांडलेल्या बांधाचं चित्र दाखवलं. बांधाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक वाकडा पट्टा लाल झाला होता.

"एका कोपऱ्यात अडकलं असतं तर जाळी तपास म्हणलो असतो. हे तर अख्खा पट्टा घेऊन चाललंय, बेटा. हे बिघडलेलं न्हाई. बांध उभा राहत न्हाई, ते सांगायलंय. आता हे तू सांगायचं."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली. "तुमचं मॉडेल शेवटपर्यंत गेलेलंच नाही. अपूर्ण काम पास कसं करायचं?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी एक शब्द टाकला असता तर मी सुटले असते. सर चष्मा पुसू लागले. परीक्षक त्यांच्याकडे बघत राहिले, तरी ते पुसतच राहिले. मग मला माझाच आवाज ऐकू आला. आधी इंग्रजीत, मग अडखळत मराठीत. काम पूर्ण आहे. बांध पडतो, हेच उत्तर आहे. कुठून पडतो, ते मी बोट ठेवून दाखवलं.

बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "हं. चहा पिऊ."

आता मी लातूरला एका बांधकाम सल्लागाराकडे असलंच काम करते. सर निवृत्त होऊन उदगीरला गेले. यंदा त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता आणि शब्द ओठांपर्यंत येऊन अडत होते. सरांच्या पत्नी, आमच्या चाची, प्रेमाने त्यांचं प्रत्येक वाक्य पुरं करत होत्या. "पाणी पाहिजे का? पंखा लावू?" सर डोळे मिटून घेत.

चाची चहा टाकायला आत गेल्या. सरांचे ओठ हलले. काय म्हणायचं असेल, याचा अंदाज मला आला होता, पण मी बोलले नाही. ओढणीच्या टोकाने माझा चष्मा पुसत बसले.

बऱ्याच वेळाने शब्द आले. "काम... कुठं... थांबलं?"

मग मी सांगू लागले. चहा आला, निवला, तरी मी बोलतच होते.