वंदना सांगणारा दामू

मंडळी, आत्ताच पिंपळवंडीहून बारशावरून आलोय.

माझा धाकटा भाऊ दामू गावोगाव बुद्धवंदना सांगतो. आधी तो एकेक ओळ म्हणतो, मग लोक त्याच्या मागून म्हणतात. पण वर्षभर त्याच्या जिभेच्या, घशाच्या नसा मरत चालल्यात. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही.

आज त्यानं सुरुवात केली आणि शब्द बोबडे यायला लागले. एक पाहुणा हसला, "काय राव, सकाळीच घेऊन आलाय व्हय?"

जन्मात थेंब न घेतलेला माणूस! दामूनं मला पुढं सांगायची खूण केली. मी वंदना सांगितली. तो सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवत बसला. नंतर खीर गिळताना ती त्याच्या नाकातून आली.

परवा बोरीत लग्न आहे. तिथं वंदना सांगायला म्हणून दामूनं पांढरा सदरा धुवायला काढलाय. त्याला काय सांगू?