‘नाही’वर खूण

“पाणी माका वळाखता,” असं माझा ऑफिसातला मित्र मालवणीत म्हणायचा आणि अंधेरीच्या स्विमिंग पूलमध्ये सूर मारायचा. मी उथळ बाजूला दांडी धरून उभा. पन्नाशीत पोहायला शिकणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

साकीनाक्याच्या पंपांच्या कारखान्यात आमची टेबलं शेजारी होती. साहेब त्याच्या विनोदावर हसायचे, कॅन्टीनवाला त्याला न मागता दुसरा चहा द्यायचा. माझी बायकोसुद्धा म्हणायची, “त्यांच्याकडून शिका जरा.” मी जळायचो. पण डबा खाल्ल्यावर तो बीपीची गोळी घ्यायचा, ती फक्त मला दिसायची. “कुणाक सांगू नको रे,” म्हणायचा.

ऑफिसची सहल मालवणला गेली. स्नॉर्केलिंगआधी फॉर्म भरायचा होता. दम्याचा, हृदयाचा, बीपीचा त्रास आहे का? माझ्या दम्यापुढे मी ‘आहे’ लिहिलं. “डॉक्टरांची चिठ्ठी लागेल काका,” म्हणत होडीवाल्यांनी मला होडीतच बसवलं. त्यानं सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. मी पाहिलं. त्यानंही पाहिलं, की मी पाहिलं.

“अरे, मला काय होतंय?” तो हसला.

मी बोललो असतो, तर हा जळतोय असं सगळ्यांना वाटलं असतं. आणि ते खरंच होतं.

सगळे खडकाजवळच्या माशांभोवती जमले. तो एकटाच पुढे गेला. तोंडात नळी, चेहरा पाण्यात, हात पसरलेले. किती शांत तरंगतो, असं होडीतलं कुणीतरी म्हणालं. माझ्या पोटात नेहमीसारखं दुखलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं तेव्हा तो तसाच होता, फक्त लाटेबरोबर फिरला होता. हाका मारल्या. त्यानं हात हलवला नाही. बुडताना माणूस ओरडतो, असं मला तोवर वाटायचं.

बोरिवलीला त्याच्या घरी जिन्यापर्यंत माणसं उभी होती. पूलवरचे लोक, कॅन्टीनवाला, साहेब रडत होते. माझ्यासाठी एवढे येतील का, हा विचार तिथेही मनात आला. लाज वाटली, पण आला.

वहिनींनी मला आत बोलावलं. “भावजी, गोळ्या चालू होत्या ना त्यांना. तिथे कुणालाच माहीत नव्हतं?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही पाण्यात जाऊच दिलं नसतं.”