पहिल्या पाण्याला

पाणबुडे यांच्याविषयी लिहायला बसलो खरा, पण त्यांची मला फारशी माहिती नाही. आम्ही वर्षानुवर्षं टेबलाला टेबल लावून बसलो, तरी ते घरी कसे होते हे मला सांगता येणार नाही. पाणबुडे हे नाव कारखान्यातलं. पाण्याखालच्या दारांचे हिशेब करायचे आणि पोहता येत नव्हतं, म्हणून पडलेलं.

आमच्याकडे कालव्यांची लोखंडी दारं बनत. दारावर पाण्याचा रेटा किती येईल, हे ते काढत. त्यावरून मी आराखडा रेखत असे. पाणी जितकं खोल, तितकं जास्त रेटतं. ते दाराच्या माथ्यापर्यंत चढलं, की सगळा जोर जणू तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो. त्यामुळे दाराला बळकटी देणाऱ्या आडव्या पट्ट्या खाली जवळजवळ घ्याव्या लागतात.

"दाराचं पोट सुटतं ते खालीच," ते म्हणत. "माझ्यासारखं."

कारखान्याची एक रीत होती. हिशेब ज्याचा, त्यानंच पहिलं पाणी सोडताना दाराच्या कोरड्या बाजूला उभं राहायचं.

ते निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची मुलगी त्यांच्या टेबलावर हिशेबाला आली. तिच्या पहिल्या दाराच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"आराखडा दाखवता जरा?"

मी दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि तशीच धरून बसले.

"तपासू नका म्हणालीय."

"मी नाही सांगणार तिला."

"सांगायला कशाला हवं? माझं तोंड बघूनच कळतं तिला."

कागद गुंडाळून त्यांनी परत दिला.

सकाळी ती दाराच्या कोरड्या बाजूला एकटीच उभी होती. पाणबुडे कठड्याला धरत पायऱ्या उतरले आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. वरून फोरमन ओरडला, "पाणबुडे, आता तरी पोहायला शिकलात का?"

"बाबा, तपासलंत ना शेवटी?" तिनं विचारलं.

"तपासलं असतं तर इथं कशाला आलो असतो? घरी चहा पीत बसलो असतो."

पाणी चढत गेलं, माथ्याला लागलं. दार जागचं हललं नाही. तळाच्या एका कोपऱ्यातून तेवढी बारीक धार येत होती.

वर आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "फटीचं खालचं रबर जरा आवळून घ्यायला सांगा तिला. मी सांगितलं म्हणू नका."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.